कॅमेरा जवळ येतो तेव्हा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

बातमी आधी तुझ्या आईकडून कळली, तुझा मेल नंतर आला. एका अ‍ॅक्शन गेमच्या सिक्वेलवर, म्हणजे पुढच्या भागावर, तुला कॉम्बॅट डिझाइनला, लढाया रचायला घेतलंय, नाव सांगता येत नाही, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार आहे. मी विचारणारही नाही. फार आनंद झाला एवढं मात्र सांगते. पण मेलच्या शेवटी तू लिहिलंस, "मावशी, पहिला भाग लोकांना खूप आवडलाय, आता तोच फक्त मोठा करायचाय." त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले.

मीटिंगमध्ये कुणी 'फक्त मोठा करायचाय' म्हणालं, की तू एकच विचार: कॅमेरा, म्हणजे खेळणाऱ्याला गेम जिथून दिसतो ती जागा, आहे तिथेच राहणार का?

उदाहरण आपल्या गावातलंच देते. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० साली आला. अगदी लहान टीम. क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून पाहिलं, ते फसलं, तरी त्यांनी गेम सोडला नाही. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, तिच्या हातात त्रिशूळ, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आमच्या पिढीतल्या गेम बनवणाऱ्या कित्येकांनी दुसऱ्यांच्या गेमसाठी खुर्च्या, झाडं आणि मोटारी बनवण्यात वर्षं घातली आहेत. आपल्या शहरातून आपली गोष्ट बाहेर पडताना पाहणं हे आमच्यासाठी किती मोठं होतं, ते तुला शब्दांत कसं सांगू.

त्या गेममधला कॅमेरा आठव. उंचावर, दूर. महाल, सज्जे, कोरीव खांब सगळे डोळ्यांत भरतात आणि राजी त्यात एवढीशी दिसते. लहान टीमसाठी हा फार शहाणपणाचा निर्णय होता. लांबून बोटं दिसत नाहीत, कपड्याच्या चुण्या दिसत नाहीत, चेहऱ्यावरचा राग दिसत नाही, म्हणजे त्यावर महिनेही जात नाहीत. वाचलेला सगळा जीव त्यांनी वास्तूंत आणि रंगांत ओतला. लढाईत मात्र त्या लांबीची किंमत मोजावी लागली. वार लागल्याचा ठोसा हातापर्यंत पुरेसा पोचत नाही, ही तक्रार बऱ्याच जणांनी केली आणि ती खरी होती.

आता त्याचा पुढचा भाग येतोय, 'राजी: कलियुग'. २०२५ मध्ये जाहीर झाला. यात कॅमेरा खाली उतरून राजीच्या पाठीशी आलाय, आणि मोठा झालेला भाऊ म्हणूनही खेळता येणार आहे. ट्रेलर पाहणाऱ्याला वाटतं, ग्राफिक्स सुधारले. मला दिसलं ते वेगळं: या लोकांनी पहिल्या गेममधलं जवळजवळ काहीही जसंच्या तसं वापरता येणार नाही असा रस्ता निवडलाय, आणि जाणूनबुजून निवडलाय.

कारण कॅमेरा पाठीशी आला की पहिली गोष्ट घडते ती ही, की खेळणाऱ्याला मागचं दिसेनासं होतं. वरून पाहताना सहा असुर सहा बाजूंनी आले तरी सगळे नजरेत असतात. खांद्यामागून पाहताना त्यातले तीन तरी पडद्याबाहेर असतात. त्यांनी मनाला येईल तेव्हा वार केला, तर खेळणारा हरत नाही, तो चिडतो. म्हणून शत्रूंना वाराचे टोकन द्यावे लागतात: एका वेळी एक किंवा दोन जणांनाच हल्ल्याची परवानगी, बाकीच्यांनी घोटाळत राहायचं, गुरगुरायचं, बाजू बदलायची. पडद्याबाहेरच्याला टोकन शक्यतो द्यायचंच नाही, दिलंच तर आधी सूचना द्यायची. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' पुन्हा खेळ आणि फक्त हेच बघ. जुन्या भागांतला लांबचा कॅमेरा सोडून ते नायकाच्या, क्रेटॉसच्या, खांद्यामागे आले, आणि लगेच त्यांना क्रेटॉसभोवती धोक्याचे बाण दाखवावे लागले. मागून कोण येतंय ते त्याचा मुलगा अ‍ॅट्रियस ओरडून सांगतो. मुलाचं पात्र कथेसाठी आहेच, पण लढाईत तो बापाच्या पाठीचे डोळेही आहे. दोन पात्रांचा गेम तुझ्या वाट्याला आला, तर हे लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. फार पूर्वी एका स्टुडिओत मी सिक्वेलवर अ‍ॅनिमेटर होते. कॅमेरा जवळ आणला आणि वेळ वाचवायला जुनी अ‍ॅनिमेशन तशीच ठेवली. त्यात एका राक्षसाचा गदेचा वार होता, गदा उचलण्यापासून आदळण्यापर्यंत ८ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ८ चित्रं. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सगळा मामला १३३ मिलिसेकंदांत आटपायचा. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. जुन्या गेममध्ये हे खपलं, कारण राक्षस पडद्याच्या दुसऱ्या टोकापासून चालत येताना दिसायचा आणि लोक आधीच बाजूला व्हायचे. जवळच्या कॅमेऱ्यात ती चाल दिसेचना. टेस्टिंगला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हा अन्याय आहे." आम्ही वाराने खेळणाऱ्याचं होणारं नुकसान कमी केलं. पुन्हा कमी केलं. तिसऱ्यांदा कमी केलं. दोन महिने गेले आणि तक्रार तीच. शेवटी एका संध्याकाळी मी गदा उचलण्याची अ‍ॅनिमेशन २४ फ्रेमची केली, खांदा मागे खेचला, पाय रोवायला लावला. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद. मग नुकसान पुन्हा मूळ आकड्यावर नेलं, तरी कुणी काही म्हणालं नाही.

तेव्हा नुकसानीचे आकडे बदलायला एक्सेल शीट उघडण्याआधी फ्रेम मोज. खेळणारा म्हणतो 'जोर जास्त आहे', पण बहुतेक वेळा त्याला म्हणायचं असतं 'मला दिसलं नाही'. तो म्हणतो 'बटण चालत नाही', तेव्हा बटण ठीक असतं, इनपुट बफर, म्हणजे जरा आधी दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो तो वेळ, आखूड असतो. तक्रार खरी माना, पण खेळणाऱ्याने सुचवलेलं औषध लगेच देऊ नका.

तिसरं, हाताची सवय. कॅमेरा हलला नाही तरी ही अडचण येतेच. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' बघ. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी ही स्टुडिओवाली मंडळी पहिल्या गेमला, 'हॉलो नाइट'ला, जोड म्हणून त्यातल्याच हॉर्नेट या पात्राचा छोटा भाग करायला बसली. हॉर्नेट जास्त चपळ, तिच्या उड्या उंच, म्हणून जगही तिच्या मापाचं करावं लागलं, आणि २०१९ मध्ये वेगळा गेम म्हणून जाहीर झालेलं काम २०२५ मध्ये बाहेर आलं. त्यात हॉर्नेटचा खाली मारायचा वार सुरुवातीला सरळ नाही, तिरका जातो. पहिल्या गेममध्ये शेकडो तास घालवलेल्यांची बोटं सरळ खाली मारत राहिली आणि लोक काट्यांवर पडत राहिले. पुढे दुसरे क्रेस्ट, म्हणजे तिची लढण्याची ढब बदलणारी चिन्हं, मिळतात, त्यांतल्या काहींनी सरळ मारता येतं. मला स्वतःला तो तिरका वार आवडतो, कारण त्याने हॉर्नेट ही हॉर्नेट होते, पहिल्या गेमच्या नायकाची, जुन्या नाइटची, नक्कल राहत नाही. पण जुन्या चाहत्याची बोटं तू मोडणार असशील, तर का मोडतोयस ते तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'नवीन वाटावं म्हणून' एवढंच उत्तर असेल तर मोडू नकोस.

लेव्हलवाल्यांशी, म्हणजे गेममधल्या जागा रचणाऱ्यांशी, पहिल्या आठवड्यातच मैत्री कर. अरुंद बोळात पाठीमागचा कॅमेरा भिंतीत घुसतो, आणि मग लढाई कितीही सुरेख असली तरी खेळणाऱ्याला दिसते ती विटांची आतली बाजू. हे वाद शेवटच्या महिन्यात सुटत नाहीत.

आणि एक. तुझ्या आधीच्यांनी केलेलं काहीतरी तुला काढून टाकावं लागेल. ज्याने ते केलं तो बहुधा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असेल. त्याच्याकडे जा, ते तसं का केलं होतं ते विचार, नीट लिहून घे, आणि मगच काढ. आमच्या त्या ८ फ्रेमच्या वारामागेही कारण होतं, जुन्या मशीनवर मेमरी पुरत नव्हती. ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

रुजू व्हायला अजून दोन आठवडे आहेत ना? तोवर राजीचा पहिला भाग पुन्हा खेळ आणि त्यातली एकच झुंज खांद्यामागच्या कॅमेऱ्यातून कशी होईल ते वहीत काढ. शत्रू चौकोन, राजी गोल, एवढंच पुरे. रविवारी जेवायला ये तेव्हा वही आण. कंट्रोलर माझ्याकडे दोन आहेत.

तुझी,
मावशी