मुलगी कमी बोलते, म्हणून वकिली नको?

'मुलगी अकरावीत आहे. दहावीला ९१ टक्के. लहानपणापासून मुखदुर्बळ. पाहुणे आले की आत निघून जाते. बोलती व्हावी म्हणून आठवीपासून तिला पाहुण्यांसमोर इंग्रजीत स्वतःची ओळख सांगायला लावतो. आता व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लासही लावला आहे. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचं पोट दुखतं. पण आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना सगळे प्रश्न हिनेच विचारले! मग चारचौघांत काय होतं? बोटांच्या ठशांची चाचणी केली. त्यात अंतर्मुख निघाली, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग सुचवलं आहे. ती म्हणते वकील व्हायचंय. अशा मुलीनं वकिली कशी करायची? तिला समजावून सांगा.'
– एक वडील, सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तिच्याशी बोलण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण पत्रातली मुलीची नाही, पाहुण्यांची गोष्ट वाचून मला काळजी वाटली. सोफ्यावर आत्या आणि काका बसलेत, हातात चहाचे कप आहेत आणि मधोमध उभी राहिलेली मुलगी नाव, शाळा, छंद अशा भाषेत सांगते आहे, जी त्या खोलीत एरवी कुणीच एकमेकांशी बोलत नाही. सांगून झालं की कुणीतरी म्हणणार, 'अगं, जरा मोठ्यानं की!' तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा आपण कसे दिसतो, कसे बोलतो याचीच धास्ती असते, तेव्हापासून हे चाललं आहे. यातून ती बोलायला शिकत नाही. बोलणं म्हणजे परीक्षा आणि समोरचे सगळे परीक्षक, एवढंच शिकते. मग पाहुण्यांची चाहूल लागताच ती आत जाते, यात नवल ते काय? हे आजपासून बंद करा. दिवाळीला येणाऱ्यांनाही आधीच फोन करून सांगा, की तिला कुणी बोलायचा आग्रह करू नये.

तुमचा हेतू चांगला आहे, हे मला दिसतं. पण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे आणि ती बहुतेक घरांत होते. कमी बोलणं हा स्वभाव आहे. बोलायची भीती वाटणं हा स्वभाव नव्हे. अंतर्मुख माणसाला गर्दीत थकवा येतो, एकट्यानं किंवा एकदोघांत बरं वाटतं, पण बोलायची वेळ आली तर तो बोलतो. भिडस्त माणसाला बोलायचं असतं. लोक काय म्हणतील या धाकानं त्याचा आवाज बसतो. दोन्ही एकाच मुलीत असू शकतात, पण पहिल्यावर उपाय करायची गरज नाही आणि दुसऱ्यावर उपाय आहे. शिवाय बहुतेक माणसं पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख नसतात, मधेच कुठेतरी असतात. स्वभाव सांगतो तो सरासरी कल. अमुक दिवशी अमुक खोलीत माणूस कसा वागेल, हे त्यावरून ठरत नाही. तिथे समोर कोण आहे आणि बोलण्याचं कारण काय, यालाही तितकंच महत्त्व असतं.

म्हणून आजीचा प्रसंग पुन्हा वाचा. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलात, मला तो पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग वाटला. दवाखान्यात तिला कुणाला छाप पाडून दाखवायची नव्हती. आजीच्या डोळ्याचा प्रश्न होता. कुठली लेन्स, थेंब किती दिवस, मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही, असेच काही प्रश्न असतील. अनोळखी आणि घाईत असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीनं नेमके प्रश्न विचारून उत्तर पदरात पाडून घेणं, याला काय म्हणाल? वकील पक्षकारासाठी दुसरं काय करतो?

पोटदुखीकडे मात्र दुर्लक्ष नको. फक्त तोंडी परीक्षेआधीच दुखत असेल, तर ती भीती असण्याची शक्यता मोठी आहे. आधी डॉक्टरांना दाखवा, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येतं. या भीतीवर चांगले उपचार आहेत. स्टेजवर ढकलून देणाऱ्या क्लासमध्ये ते मिळत नाहीत.

आता ती ठशांची चाचणी. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर ओळखता येतं याला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, म्हणजे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंच, तशी भूमिका जाहीर केली आहे. तो रंगीत रिपोर्ट कपाटात ठेवा आणि मुलीसमोर पुन्हा काढू नका. आणि ज्यांनी 'अंतर्मुख म्हणून कॉम्प्युटर' असं सुचवलं, त्यांनी आयटी कंपनीतला दिवस पाहिलेला नसावा. रोज सकाळी टीमसमोर कामाचा हिशेब, दुपारी क्लायंटचा कॉल, मधे टेस्टिंगवाल्यांशी वाद. गप्प बसून पगार मिळेल अशी जागा तिथेही नाही.

१९९१ साली मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या अमेरिकी संशोधकांनी स्वभाव आणि काम यांच्यावरचे आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. उच्चशिक्षित व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते, कुशल कामगार अशा पाचही गटांत चांगल्या कामाशी सातत्यानं जुळलेला गुण निघाला तो कर्तव्यदक्षतेचा, म्हणजे हातातलं काम नीट आणि वेळेवर पुरं करण्याचा. बहिर्मुखतेचा उपयोग दिसला तो मुख्यतः व्यवस्थापक आणि विक्रेत्यांना. तुमच्या मुलीबद्दल हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: घेतलेलं काम ती पुरं करते का?

वकील म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर हात आपटणारा माणूस येतो. प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग वाचन आणि लेखन आहे. खरेदीखत, सातबारा, फेरफार यांतली विसंगती शोधणं, दावा लिहिणं, समोरच्याच्या दाव्याला लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, तयार करणं, करारातलं एक वाक्य दहा वेळा तपासणं. उलटतपासणीतही भाषण नसतं. फाईल वाचून काढलेले छोटे प्रश्न असतात आणि साक्षीदार काय म्हणतो ते कान देऊन ऐकायचं असतं. ज्याला स्वतःचाच आवाज आवडतो, तो इथे हमखास एक प्रश्न जास्त विचारतो आणि हातची केस घालवतो.

मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच केसमध्ये उलटतपासणीला उभे राहिले, तेव्हा त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले आणि घेतलेली फी परत केली. नंतर राजकोटला अर्ज लिहून देण्याचं काम करून त्यांनी घर चालवलं. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी ते जमाखर्च शिकले, कागद अन् कागद वाचला आणि अखेर दोन्ही पक्षांत तडजोड घडवून आणली. तिथेच, प्रिटोरियात, त्यांनी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषणही केलं. स्वभाव तोच होता. तयारी होती आणि बोलण्यासारखं काही होतं.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, अशा दोन प्रवेश परीक्षा आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. क्लॅटमध्ये उतारे वाचून प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे आतापासून रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचू द्या. न्यायाधीश व्हायचं मनात असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या निकालात परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली.

उन्हाळ्याच्या सुटीआधी तिला तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर शांत बसून कुणालाही ऐकता येतं. चारपाच दिवस ती जाऊ दे. बहुतेक वेळ नुसत्या तारखा पडताना दिसतील, तेही दिसू दे. ओळखीच्या वकिलाच्या ऑफिसात आठवडाभर फायली लावायला मिळालं तर फारच छान. परत आल्यावर 'काय शिकलीस, सांग बघू' असं विचारू नका. आजीजवळ ती आपणहून बोलेल.

आणि तिनं हे सगळं पाहून वकिली नको म्हटलं, तरी चालेल. अकरावीतल्या मुलीला मत बदलायचा हक्क आहे.

क्लासचा पुढचा हप्ता भरू नका. त्या पैशांत तिला कायद्याची सोपी मराठी पुस्तकं आणि एक चांगला शब्दकोश आणून द्या.