कॅट फोडून रिकामा डबा बसवू का?

प्रश्न: गाडी पेट्रोल, बरीच जुनी. दोन महिने झाले चेक इंजिन लाइट लागलाय, स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतोय आणि चढावर तर पिकअप अगदीच मेलाय. मेकॅनिक म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) गेला, नवीन महाग पडेल, त्यापेक्षा आतलं सगळं फोडून रिकामा डबा परत लावतो, कोणाला कळणार पण नाही. करू का? सकाळी स्टार्ट केल्यावर गाडी जरा थरथरते, पण नंतर ठीक होते.

उत्तर: नका करू. आणि कळणार नाही म्हणे! सगळ्यात आधी तुमच्या गाडीलाच कळणार. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढच्याचं रीडिंग सारखं वरखाली होत असतं, मागच्याचं मात्र जवळपास स्थिर राहायला हवं. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पी०४२० टाकतो, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असा कोड, म्हणजे डबा रिकामा केला तर लाइट कायमचाच. वर बहुतेक देशांत हे बेकायदेशीर आहे, पीयूसीसारख्या टेस्टमध्ये गाडी अडकते ते वेगळंच.

फोडल्यावर गाडी पळेल हे तसं खोटं नाही, पण ती चोंदलेल्या कॅटच्या मानाने पळेल हो, चांगला कॅट बसवलात तरी तेवढीच पळेल. आत सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर, म्हणून तर महाग. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचा बंदोबस्त तिथेच होतो, फक्त जाळी साधारण २५०-३०० अंशांपर्यंत तापायला लागते.

आता ती सकाळची थरथर. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण मला तर खरी गोम तिथेच दिसतेय. मिसफायर असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर ते न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, जाळी वितळते आणि धुराची वाट बंद होते. म्हणजे प्लग, कॉइल, इंजेक्टर न बघता नवीन कॅट टाकलात तर त्याचीही तीच गत होणार. इंजिन ऑइल खात असेल तरी तेच, ऑइलमधलं फॉस्फरस जाळीवर बसतं. आणि सेन्सरच्या आसपास सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलाय का तेही बघून घ्या, कारण त्या लीकनेसुद्धा हाच कोड येतो आणि बिचारा कॅट उगाच बदलला जातो.

घरी एक करता येईल. गाडी पूर्ण गार झाली की रबरी हातोडीने डब्यावर हलकेच टकटक करा. आत खडे हलल्यासारखा खुळखुळ आवाज आला तर जाळी तुटलीये, मग बदलण्यावाचून इलाज नाही. पण आवाज नाही आला म्हणून कॅट ठणठणीत असं नाही हं, वितळून घट्ट बसलेला आवाज करत नाही, त्यासाठी बॅकप्रेशर, म्हणजे अडलेल्या धुराचा इंजिनकडे उलटा येणारा दाब, मोजून घ्या.

बदलताना गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, गॅस्केट नवीनच टाका, आणि डब्यावर बाण असतो तो मागच्या दिशेला.

प्रश्न: टाकीत क्लीनर ओतून कॅट साफ होतो का?

उत्तर: थोडी काजळी असेल तर कदाचित. वितळलेल्या जाळीला काय साफ करणार!