तारा डोक्यावर आला की माझ्या सिम्युलेशनमधला माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा आधार) जोरात धावतो, मग उलटी गिरकी घेतो. कोड चुकलाय का?

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. धावणं बरोबर आहे, गिरकी चूक आहे.

आधी धावणं. तुमचा माउंट दिगंश-उन्नतांशाचा आहे, म्हणजे एक अक्ष उत्तरेपासून क्षितिजावरचा कोन (दिगंश) फिरवतो आणि दुसरा क्षितिजापासूनची उंची (उन्नतांश). चाचणीला तुम्ही पुण्यातून स्वाती हा तारा घेतलाय. स्वातीची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) सुमारे १९ अंश, पुण्याचे अक्षांश साडेअठरा. म्हणजे तारा खमध्यापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम अर्ध्या अंशावरून, उत्तरेकडून जातो. याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दिगंशाचा वेग असा निघतो: आकाश सेकंदाला जेवढं फिरतं ते १५.०४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) गुणिले क्रांतीचा कॉस, भागिले खमध्यापासूनच्या अंतराचा साइन. उत्तर येतं सेकंदाला ०.४५ अंश! आकाशात तारा मात्र सेकंदाला १४ विकलाच सरकत असतो. साधारण सव्वाचार मिनिटांत दिगंश ४५ वरून शून्यावर येऊन पुढे ३१५ वर जातो, आणि तेवढ्या वेळात उन्नतांश ०.२ अंश चढून तेवढाच उतरतो. कॅमेरा फिरवणारा तिसरा अक्ष असेल तर त्यालाही याच सुमारास जवळपास एवढंच पळावं लागतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशही याच दोन अक्षांवर फिरतात, त्यामुळे ही अडचण लहान दुर्बिणीपुरती नाही.

गिरकी येते ती शून्य ओलांडताना. दिगंश १ वरून ३५९ झाला की प्रोग्रामला वाटतं ३५८ अंश पुढे जायचंय. नव्या-जुन्या दिगंशातला फरक आधी −१८० ते +१८० मध्ये आणा आणि तो मोटरच्या जुन्या स्थितीत मिळवत चला. मोटरची स्थिती ऋण झाली तरी होऊ द्या. खऱ्या माउंटवर अशा गिरकीत केबल गुंडाळली जाऊन तुटू शकते, म्हणून हे आजच दुरुस्त करा.

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मोटरला वेगाची मर्यादाच घातली नव्हती. आलेख सुरेख आला, पण गच्चीवर तारा आयपीसमधून निसटला. वेग आणि त्वरण, दोन्हींना मर्यादा घाला. मोटर सेकंदाला पाव अंशच फिरत असेल, तर क्रांती १९च्या आसपासच्या ताऱ्यांसाठी खमध्याभोवतीचं ०.९ अंश त्रिज्येचं वर्तुळ तिच्या आवाक्याबाहेर राहतं. स्वाती त्यातूनच जातो.

चूक मोजताना दिगंशांची वजाबाकी करू नका. ८९.५ अंश उंचीवर दिगंशातली एक अंशाची चूक आकाशात फक्त ३१ विकला भरते. ताऱ्याची दिशा आणि दुर्बिणीची दिशा एकक सदिश (लांबी एक असलेला, दिशा दाखवणारा बाण) म्हणून ठेवा, त्यांच्यातला कोन काढा. अंशांत रूपांतर अगदी शेवटी, मोटरला आज्ञा देताना.

मग ज्येष्ठा हा तारा घेऊन पाहा. पुण्यातून ती ४५ अंशांवर याम्योत्तर ओलांडते, तिथे दिगंशाचा वेग सेकंदाला १९ विकला यायला हवा. वेगळा आला तर अक्षांशाचं चिन्ह (धन की ऋण) आणि कोन रेडियनमध्ये दिलेत की अंशांत, हे आधी तपासा.