कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या जुन्या गेम-डिस्कची कॉपी का चालत नाही? आणि एवढे संरक्षण कशासाठी होते?

काकांच्या मूळ डिस्कवरून तुम्ही केलेली प्रत सुरूच होत नाही, यात तुमची काही चूक नाही. ती सुरू होऊ नये याची तजवीज खेळ विकणाऱ्या कंपनीनेच करून ठेवली होती. हे संरक्षण चोरांविरुद्ध होते, असे सगळीकडे वाचायला मिळते. माझे मत स्पष्ट आहे: त्याचा भुर्दंड चोरांना नव्हे, पैसे मोजून खेळ विकत घेणाऱ्यांना पडला.

सुरुवातीची प्रचलित युक्ती अशी होती की, डिस्कवरचा एखादा सेक्टर (डिस्कवरच्या वर्तुळाकार ट्रॅकचा छोटा तुकडा) मुद्दाम सदोष लिहिला जाई. त्याचा चेकसम, म्हणजे मजकूर बरोबर आहे का हे पडताळणारा आकडा, जुळत नसे, त्यामुळे तो वाचताना ड्राइव्ह (डिस्क वाचणारे यंत्र) २३ क्रमांकाची त्रुटी कळवत असे. साधा कॉपी प्रोग्राम मात्र प्रत करताना चेकसम नव्याने बरोबर मोजून लिहीत असे. खेळ सुरू होताना तीच त्रुटी शोधत असे आणि ती सापडली नाही की तिथेच थांबत असे. म्हणजे सदोष डिस्क अस्सल आणि निर्दोष डिस्क नकली ठरत असे. पुढे कॉपी प्रोग्रामही या त्रुटी हुबेहूब उतरवू लागले, तेव्हा कंपन्या दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत किंवा नेहमीच्या ३५ ट्रॅकच्या पलीकडे मजकूर लिहू लागल्या. कमोडोर ६४ ला जोडायच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट रॅम होती. खेळ आपला छोटा प्रोग्राम थेट ड्राइव्हमध्ये चालवू शकत असे, म्हणून असे प्रकार जमत.

त्या मुद्दाम केलेल्या त्रुटीचा परिणाम मी घरात पाहिला आहे. या ड्राइव्हला हेड (डिस्कवरून वाचणारा व लिहिणारा भाग) पहिल्या ट्रॅकवर पोचल्याचे कळवणारा सेन्सर नाही, त्यामुळे सेक्टर वाचता आला नाही की तो हेडला मागे ढकलत अडणीवर आपटतो आणि मग तिथून ट्रॅक पुन्हा मोजायला सुरुवात करतो. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत राहत होतो आणि मुलासाठी दुकानातून पूर्ण किमतीला एक खेळ आणला होता. तो लावला की दर वेळी आतून मोठा खडखडाट होई, शेजारच्या खोलीतही ऐकू येईल इतका. काही महिन्यांनी ड्राइव्हचे वागणे विचित्र झाले: त्याच ड्राइव्हवर लिहिलेली आमची पत्रे तो बिनचूक वाचे, पण विकत आणलेली एकही डिस्क वाचेना. हेडची जागा सरकली होती. आपण लिहिलेले तो त्याच सरकलेल्या जागी वाचत होता, म्हणून तेवढेच त्याला सापडत होते. कंपनीला पत्र लिहिले, तर मूळ डिस्क आणि वर शुल्क पाठवा, नवी डिस्क देऊ, असे उत्तर आले. नवी डिस्कही अर्थातच वाचली गेली नाही. शेवटी हेडची जुळणी करून घ्यावी लागली आणि तिचा खर्च खेळाच्या किमतीहून जास्त आला. मुलाच्या मित्राकडे त्याच खेळाची कुलूप तोडलेली, म्हणजे संरक्षण काढलेली, प्रत होती. तिच्यातून ती तपासणीच काढून टाकलेली असल्याने ती कसलाही आवाज न करता सुरू होई.

आमचे मेव्हणे स्वतः प्रोग्रामर होते आणि प्रामाणिक ग्राहकाला संरक्षणाचा त्रास होतच नाही, असे ते ठामपणे सांगत. आमच्या घरात तो झाला होता. शिवाय विकत घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवण्याची मुभा अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९८० पासून होती. पीसीच्या डिस्कवरील असेच संरक्षण निकामी करणाऱ्या क्वेड कंपनीविरुद्ध व्हॉल्ट कंपनीने दावा लावला होता, तोही १९८८ मध्ये अपील न्यायालयात व्हॉल्ट हरली. कायद्याने दिलेली सोय डिस्कने हिरावून घ्यावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

तुमच्या डिस्कबाबत एवढेच करा: आधी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून लिहिणे बंद करा, हेड साफ करा आणि झूमफ्लॉपीसारख्या यूएसबी जोडणीने ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडून निबटूल्स या प्रोग्रामने जी६४ फाइल (ट्रॅकच्या मांडणीसकट डिस्कची नक्कल) बनवा. डी६४ फाइलवर विसंबू नका, कारण तिच्यात सेक्टरमधला मजकूर येतो, पण ट्रॅक प्रत्यक्षात कसा लिहिला आहे ते येत नाही. खडखडाट ऐकू आला, तर तो खेळ मूळ डिस्कवरून पुन्हा पुन्हा चालवू नका.

हेही सांगायला हवे की, १५४१ खूप तापतो आणि हेड सरकण्याला इतरही कारणे असतात. एकट्याने खेळ लिहिणाऱ्या माणसाचे फुकट प्रतींमुळे खरोखर नुकसान होत असे, हेही मला मान्य आहे. तोडलेल्या प्रतींत काही वेळा सुरुवातीचे चित्र किंवा एखादा भाग गाळलेला आढळतो, म्हणून काकांच्या मूळ डिस्क टाकून देऊ नका. पण त्या डिस्क वाचेनाशा झाल्यावर ते खेळ खेळायला मिळतील, ते बहुतांशी अशा खेळांचे कुलूप तोडणाऱ्या मुलांमुळेच, आणि मेव्हण्यांनी हे कधीही कबूल केले नाही.