ज्याचा निर्णय, त्याचं नाव

तुझा मेसेज वाचला. रिजनल ऑफिसमधून फोन आला की त्या हप्ते थकलेल्या पार्टीला नवीन लिमिट, म्हणजे नवीन कर्ज, दे, त्यातून जुने हप्ते भरून टाक, 31 मार्चला खातं स्टँडर्ड, म्हणजे न थकलेलं, दिसलं पाहिजे. आणि तू विचारतेस, काका, मी ब्रँच मॅनेजर आहे की नुसती ऑथोराइज करणारी? त्याखाली नोकरी सोडण्याबद्दल जे काही लिहिलंयस ते मी वाचलंच नाही असं समज.

मी एकच सांगणारे आणि सारखं तेच सांगणारे. ज्याचा निर्णय, त्याचं नाव कागदावर. फोनवरचा हुकूम हा हुकूमच नाही.

अगं, 1983 ला बँकांत मशिनं आणायचा युनियनचा आयबीएबरोबर, म्हणजे बँकांच्या संघटनेबरोबर, करार झाला, 84 ला त्याच विषयावर रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवह्या लिहिणारी, मशिनं आली, तरी मॅनेजर मॅनेजरच राहिला कारण मशीन शाखेतच होतं. खाती शाखेत, सह्यांची कार्डं शाखेत, आणि वरच्यांना आकडे कळायचे ते शुक्रवारचं स्टेटमेंट पोचल्यावर. मधल्या दिवसांत माणूस स्वतःच्या डोक्याने धंदा करायचा. मग सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती कॉम्प्युटरवर गेली, त्या कोअर बँकिंगने (सीबीएस) ते मधले दिवसच खाल्ले. गिऱ्हाईक शाखेचं होतं ते बँकेचं झालं (हे चांगलंच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही), कर्जाच्या फायली प्रोसेसिंग सेंटरला गेल्या, बेरजा तपासणारे ऑफिसर लागेनासे झाले, आणि 2000-01 च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, सरकारी बँकांतून लाखावर माणसं घरी गेली ती वेगळीच. आता दुपारी तीनला ग्रुपवर विचारतात, आज किती खाती उघडली? म्हणजे अधिकार सगळा वर गेला आणि जबाबदारी तेवढी शाखेत ठेवली. उद्या खातं बुडालं आणि चौकशी लागली की पहिला प्रश्न येतो, सिस्टीममध्ये आयडी कोणाचा? तुझा. फोन करणाऱ्याचा आयडी कुठेच नसतो.

"सगळेच करतात" हे परत लिहू नकोस. 2020 ला आरबीआयने बँकांना सांगितलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, सिस्टीमनेच ठरवायचा, जून 2021 ची मुदत दिली. आता 90 दिवस उलटले की खातं आपोआप एनपीएत जातं, आकड्याला हात लावता येत नाही, म्हणून तर तुझ्याकडून नवीन कर्ज मागतायत. सिस्टीमला फसवता येत नाही म्हणून तिला खोटं खायला घालायचं, आणि भरवणारा हात तुझा. आणि सिस्टीम सगळं पकडते हाही भ्रमच. 2018 ला उघडकीला आलेला पीएनबीच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा आठव, स्विफ्टचे, म्हणजे बँकाबँकांतल्या व्यवहारांचे, मेसेज परदेशात जात होते आणि सीबीएसमध्ये एंट्रीच नव्हती, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेलेच नव्हते.

मी प्रत्येक फोननंतर "आपल्या आजच्या फोनवरील सूचनेनुसार" असा मेल टाकायचो. त्यापायी प्रमोशन गेलं, बदली लांब झाली, रोज ज्याच्याबरोबर डबा खायचो तो मित्र रिजनलला गेल्यावर बोलेनासा झाला, त्याची चुटपुट आजही आहे. पण मी खडूस नव्हतो. लोक म्हणायचे, अजून म्हणतात, तरी नव्हतो. हो म्हणून पुढे गेलेल्यांपैकी एकाची ग्रॅच्युइटी अडकली तेव्हा "तू ते मेल कसे लिहायचास रे" असं विचारायला तो माझ्याच घरी आला होता. चहा दिला त्याला, अजून काय देणार.

तर तू असं कर. उद्या सकाळी कॅश उघडायच्या आधी मेल टाक. अमुक खात्याबद्दल फोनवर सूचना मिळाली, माझ्या मते हे नियमात बसत नाही, तरी द्यायचं असेल तर लेखी मंजुरी पाठवावी. बस. रडगाणं नको, "नम्र विनंती" सुद्धा एकदाच. बहुतेक उत्तर येणारच नाही, आणि न आलेल्या उत्तरावर लिमिट टाकायची नाही. संध्याकाळी सातला घाईत क्लार्कला पासवर्ड सांगतेस ना, तेही बंद, मला माहितीये. मेल गेला की मला फोन कर, पण कॉपी मला पाठवू नकोस, बँकेचा कागद बँकेतच राहू दे.