तीन पोळ्या, पण केवढ्या?

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांचं वय ५२. साखर काठावर आली आहे. डॉक्टर म्हणाले, औषध एवढ्यात नको, पण प्रमाणात खा. ते दोन्ही वेळा तीन पोळ्या आणि थोडासा भात खातात. याहून वेगळं प्रमाण ते कोणतं? वजनकाटा आणायचा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काट्यावाचून अडणार नाही. एक किलो गव्हाच्या पिठात तुमच्या घरी किती पोळ्या होतात, तेवढं मोजा. माझ्या माहेरी किलोत पंचवीस व्हायच्या, म्हणजे एकीला ४० ग्रॅम पीठ. माझ्या फुलक्याला २० ग्रॅम लागतं. आईच्या तीन पोळ्या म्हणजे माझे सहा फुलके झाले, घडीतलं तेल वेगळंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आखून दिलेल्या ताटात, दिवसाला २,००० कॅलरी धरून, २५० ग्रॅम धान्य आहे. सकाळचे पोहे, पोळी, भात, चहाबरोबरची खारी, सगळं त्यातच आलं. यजमानांच्या पोळ्या आईसारख्या असतील, तर सहा पोळ्यांतच २४० ग्रॅम संपले. बैठं काम असेल तर त्यांना तेवढंही लागणार नाही.

मला मात्र पोळीपेक्षा वरणाची काळजी वाटते. त्याच ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत, आणि आपल्याकडे चौघांच्या दोन्ही वेळच्या आमटीला मिळून वाटीभर तूरडाळ शिजते. मग पोट भरायला आणखी एक पोळी घेतली जाते. म्हणून नुसती पोळी काढून घेऊ नका, माणूस उपाशी राहून चिडतो. एक पोळी कमी करा आणि त्या जागी मटकीची किंवा चवळीची दाट उसळ वाटीभर वाढा. ताटात डावीकडे चमचाभर कोशिंबीर वाढायची आपली रीत आहे, तीही वाटीभर होऊ द्या. बटाटा भाजीत धरू नका.

भात पळीने नको, मुदीने वाढा. लहान वाटीची एक मूद. दुसरी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागेल, आणि मागितलेलं लक्षात राहतं.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यात दिसतो : माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरलं, तर चौघांना तुपासकट साधारण साडेतीन लिटर.

किलोत किती पोळ्या झाल्या ते जरूर कळवा. तो आकडा हाती आला की न्याहारीचं बघू.