स्पॅनिशमधील ‘सु’ नेमका कोणाचा?

प्रश्न : मी नाशिकमध्ये द्राक्षे आणि वाईन निर्यात करणाऱ्या एका कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळते आणि संध्याकाळी स्पॅनिश शिकते. ‘त्याचा भाऊ’ आणि ‘तिचा भाऊ’ या दोहोंसाठी ‘सु एर्मानो’ असेच म्हणतात. ग्राहकाला ‘आपली ऑर्डर’ असे लिहितानाही ‘सु’च येतो. मग वाचणाऱ्याला अर्थ कसा कळतो? तसेच ‘आमची वाईन’ याला ‘नुएस्त्रा बीनो’ म्हणावे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ, कारण ती लवकर सुटते. स्वामित्व दाखवणारे विशेषण मालकाप्रमाणे नव्हे, तर वस्तूप्रमाणे बदलते, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. मात्र लिंग स्पॅनिश शब्दाचे पाहावे लागते. मराठीत वाईन स्त्रीलिंगी असली तरी ‘बीनो’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘नुएस्त्रो बीनो’. आणि ‘उबा’, म्हणजे द्राक्ष, स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘नुएस्त्रास उबास’. ‘मि’, ‘तु’ आणि ‘सु’ यांना तर लिंगभेदच नाही. वस्तू अनेक असल्या की त्यांना ‘स’ लागतो, एवढेच.

आता ‘सु’. तो त्याचा, तिचा, त्यांचा, आपला आणि तुम्हा सर्वांचा, असे सगळे अर्थ एकटाच वाहतो. हे विचित्र वाटते खरे, परंतु ‘त्यांचे पत्र आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पत्र साहेबांचे, बाईंचे की एखाद्या कंपनीतील सर्वांचे, हे तरी त्या शब्दातून कुठे कळते? मागच्या वाक्यात कोणाचा विषय चालला होता, त्यावरूनच आपण ते ओळखतो, आणि स्पॅनिश वाचकही बहुतेक वेळा तेच करतो. ‘एमोस रेसिबिदो सु पेदिदो’, म्हणजे ‘आपली ऑर्डर मिळाली’, या वाक्यात संदिग्धता उरत नाही, कारण पत्र ज्याला लिहिले आहे त्याचीच ती ऑर्डर.

अडचण खरी येते ती दोन व्यक्ती एकाच वाक्यात आल्यावर. ‘कार्लोस आब्लो कोन आना एन सु ओफिसिना’ म्हणजे कार्लोस आनाशी कार्यालयात बोलला, पण कोणाच्या? मराठीत ‘आपल्या कार्यालयात’ किंवा ‘तिच्या कार्यालयात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये अशा वेळी ‘सु’ काढून ‘एन ला ओफिसिना दे एया’, म्हणजे ‘तिच्या कार्यालयात’, असे लिहितात. पुरुषासाठी ‘दे एल’, आदरार्थी समोरच्या व्यक्तीसाठी ‘दे उस्तेद’. आपल्या पत्रात ग्राहकाबरोबर एखाद्या मध्यस्थाचाही उल्लेख असेल, तर ही रचना वापरण्यात कंजुषी करू नये.

‘सु’ आणि ‘सुस’ यांतही गफलत होते. मालक अनेक म्हणून ‘सुस’ होत नाही. दहा भागीदारांचे एकच गोदाम असेल तरी ते ‘सु’च, आणि एकाच माणसाची चार गोदामे असतील तर ‘सुस’.

‘बुएस्त्रो’ हे रूप पुस्तकात दिसेल. ते मुख्यतः स्पेनमध्ये, जवळच्या अनेक माणसांना उद्देशून वापरतात; मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्या जागीही ‘सु’च येतो. आपल्या व्यापारी पत्रांत, ग्राहक माद्रिदचा असला तरी, ‘सु’च ठेवावा.